नवरा उताणा, मी कुशीवर: सहा बाय पाचच्या पलंगावर गादी कुठली घ्यावी?

शिलाई_बावडा

नमस्कार. मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते, घरीच कपडे शिवते. रोजचे सहा-सात तास मशीनवर जातात, लग्नसराईत दहासुद्धा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये सहा इंची गादी घेतली. खोळीवर मोठ्या अक्षरात 'ऑर्थो' लिहिलंय. दुकानदार म्हणाला, कडक गादी पाठीला चांगली, डोळे झाकून न्या. आणली.

तेव्हापासून पहाटे तीन-साडेतीनला उजव्या खांद्यामुळे जाग येते. उजव्या कुशीवर झोपायची माझी लहानपणापासूनची सवय. खांदा आणि कमरेच्या बाजूचं हाड दाबून धरल्यासारखं होतं. मग कूस बदलते, अर्ध्या तासाने डाव्या बाजूला तेच. सकाळी कात्री हातात घेतली की पहिली दहा मिनिटं हात चालत नाही, कापड तिरकं कापलं जाईल म्हणून आधी चहा करून घेते आणि मगच कटिंगला बसते.

मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, दिवसभर उभ्याचं काम. ते उताणे झोपतात, वजन ९२ किलो. माझं ५४. त्यांना या गादीबद्दल काहीच तक्रार नाही. पडले की झोपले.

मागच्या महिन्यात माहेरी गडहिंग्लजला चार दिवस होते. आईकडे जुनी कापसाची गादी, वर दोन वाकळा. चारही रात्री सलग झोप लागली. परत आल्यावर दुसऱ्याच रात्री खांदा सुरू झाला.

पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकते, त्यातले निम्मे भिशीचे आहेत म्हणून चुकायचं नाहीये. मेमरी फोम, लेटेक्स, स्प्रिंग, काथ्या, एचआर... नावं वाचून काही कळेना. दोघांना चालेल अशी एक गादी असते का? की मी कापसाचीच भरून घेऊ? पलंग सहा बाय पाच, खाली सामानाचा बॉक्स आहे.

राजारामपुरी_गल्ली११

ताई, मीही कुशीवर झोपणारा, म्हणून सांगतो. दीड वर्षापूर्वी मेमरी फोम मागवला. खोक्यात गुंडाळून येतो आणि उघडल्यावर तासाभरात फुगतो. हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रासाठी विमानातल्या सीटसाठी शोधला गेला. अंगाच्या उबेने मऊ होतो आणि जिथे भार जास्त तिथे तेवढाच खाली जातो. खांद्याला खरंच आराम पडतो.

पण उन्हाळ्यात त्रास झाला. शरीर आत रुततं, आजूबाजूने वारा लागत नाही. एप्रिलमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर रात्री दोनला पाठ घामाने भिजलेली असायची. दुसरी गोष्ट म्हणजे परत करायची सोय. शंभर रात्री वापरून बघा असं लिहिलं होतं, पण खोळीवर चहाचा एक डाग पडला होता तेवढ्यावरून कंपनीने गादी परत घेतली नाही. ऑनलाइन घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून वरून कव्हर घाला आणि परतीच्या अटी आधी वाचा.

फिजिओ_करवीर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कडक गादी म्हणजे पाठीला चांगली, ही समजूत आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांची असते, आणि ती खोडून काढायला मला रोज वेळ द्यावा लागतो. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. कोणाला कुठली मिळाली हे त्यांना माहीत नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. तो अभ्यास कमरेचा होता, खांद्याचा नाही. पण कडक तेवढं चांगलं, हे कमरेच्या बाबतीतही खरं नाही, एवढं त्यावरून कळतं.

कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणी येतो. गादीने तिथे आत जाऊ दिलं पाहिजे आणि कमरेच्या खोलगट भागाला खालून धरलं पाहिजे. उताणं झोपणाऱ्याचा भार पाठभर पसरतो, म्हणून त्याला जरा कडक चालते. तुमच्या मिस्टरांना ती गादी बरी वाटते आणि तुम्हाला नाही, यात दोघांचंही खरं आहे.

एक विनंती. हात बोटांपर्यंत बधिर होत असेल, हात वर करून केस विंचरता येत नसतील किंवा दिवसाही दुखत असेल, तर गादीच्या आधी खांदा तपासून घ्या. तुमचं काम एकाच हाताचं आहे. आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी घेऊन बघा, आज रात्रीपासून.

पिंजारी_लक्ष्मीपुरी

ताई, मी गादीवाला. लक्ष्मीपुरीत आमचं तिसऱ्या पिढीचं काम. वडील धनुकलीवर कापूस पिंजायचे. तात ओढून लाकडी ठोकळ्याने मारली की जो आवाज यायचा तो अजून कानात आहे. ती धनुकली दुकानात भिंतीवर आहे, आता पिंजायला मशीन आहे. फोम, काथ्या, लेटेक्स सगळं विकतो, त्यामुळे एकाच मालाची बाजू घेऊन बोलत नाही. जरा सविस्तर लिहितो, घाई नसली तर वाचा.

पहिलं, तो 'ऑर्थो' शब्द. त्याला ठरलेलं माप नाही. आत बहुतेक रिबॉन्डेड असतो, म्हणजे फोमचे उरलेले तुकडे बारीक करून गोंदात दाबून बनवलेली लादी. वजनाला जड, दाबायला कडक, आणि वर्षानुवर्षं बसत नाही. वाईट माल नव्हे. पण ५४ किलोचं माणूस कुशीवर पडलं तर ती लादी खांद्याला एक बोटसुद्धा आत घेत नाही. ९२ किलोचा माणूस पाठीवर पडला तर थोडी दबते आणि त्याला ती मध्यम लागते. एकच गादी दोन वजनांना दोन वेगळ्या गाद्या होतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. गादी घ्यायला नवरा येतो, बसून हाताने दाबतो, पैसे देतो. त्या घरात झोपणारी दुसरी व्यक्ती दुकानात आलेलीच नसते. असं मी शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

आता कापसाचं. तुम्हाला गडहिंग्लजला झोप लागली ती कापसाने लागली असं मला वाटत नाही. जुना कापूस बसून फळीसारखा होतो. झोप लागली ती दोन वाकळांमुळे. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर असतात, ते खांद्याखाली दबतात आणि आजूबाजूने वर राहतात. कापसाची गादी नवी भरली की पहिले सहा महिने सुंदर. नंतर उन्हात घालायला पाहिजे आणि एक-दोन वर्षांनी उसवून परत पिंजून घ्यायला पाहिजे. जो हे करतो त्याला कापसासारखं दुसरं काही नाही, घाम शोषते आणि तापत नाही. पण तुमच्या बॉक्सच्या पलंगावर, आषाढात आठ-आठ दिवस ऊन नसताना, ती ओल धरणार. माझ्या तोंडून कापसाला नको म्हणणं जड जातं, तरी तुम्हाला नकोच म्हणतो.

काथ्या, म्हणजे नारळाच्या शेंड्या रबराच्या चिकात घट्ट केलेल्या. वारा खेळतो, कडक असते. तुम्हाला उपयोगी नाही.

स्प्रिंगमध्ये दोन जाती. साध्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. पॉकेट स्प्रिंग प्रत्येक वेगळ्या कापडी पिशवीत असते, ती बरी. पण चांगली पॉकेट स्प्रिंग तुमच्या पैशात बसवायला कुठेतरी काटकसर होणार, आणि ती वरच्या थरातच करतात, जो तुमच्या खांद्याला लागतो.

एचआर हाही फोमच, दाबून सोडला की पटकन वर येणारा. फोम घेताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. डेन्सिटी म्हणजे मऊ-कडकपणा नव्हे. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल ते कळतं. ४० चा फोम मऊही मिळतो, कडकही. तुकड्याचं वजन करून बघता येतं. ७२ बाय ३० इंचाचा, चार इंच जाडीचा तुकडा ४० चा असेल तर साडेपाच किलोच्या वर भरतो, २८ चा जेमतेम चार किलो. वजनकाट्यावर ठेवा म्हणून सांगायला लाजू नका, तुमचे पैसे आहेत. कधी वजन वाढवायला फोममध्ये खडूची भुकटी घालतात, म्हणून वजनाबरोबर मुठीने दाबूनही बघा, पटकन वर आला पाहिजे.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आपल्याकडे केरळातला. मेमरी फोमसारखं रुतत नाही, दाबलं तेवढं जातं आणि लगेच परत येतं. भोकं असतात म्हणून कमी तापतं. अख्खी गादी महाग पडेल, पण दोन इंचाचा थर परवडतो.

माझं मत असं की दोघांना एक गादी शोधूच नका. पण आधी दोन परीक्षा घरी करा, मग बोलू. चार रात्री तुमच्या बाजूला, खांद्यापासून खुब्यापर्यंत, वाकळ दुहेरी करून घाला. फरक पडला तर वरचा थर कडक आहे हे नक्की. आणि मिस्टर उताणे झोपले की त्यांच्या कमरेखाली तुमचा हात सपाट सरकवा. हात अलगद इकडून तिकडे गेला आणि वर पोकळी राहिली तर गादी त्यांनाही कडक. अजिबात गेला नाही तर मऊ. घासत-घासत गेला तर बरोबर.

आखाडा_१०५

काका, ह्या धाग्यात घुसतो, माफ करा. तालीम सुटून सहा वर्षं झाली. वजन १०५. पालथं झोपायची सवय काय सुटंना. लग्नात सासऱ्यांनी आठ इंची मऊ फोमची गादी दिली, लई भारी दिसते. पण सकाळी उठलं की कंबर धरलेली. वाकून बूट घालता येत न्हाई. आखाड्याच्या मातीवर झोपायचो तेव्हा कधी दुखलं न्हाई.

पिंजारी_लक्ष्मीपुरी

पैलवान, पालथं झोपल्यावर शरीराचा सगळ्यात जड भाग मध्ये असतो. मऊ गादीत पोट खाली जातं, छाती आणि पाय वर राहतात, कंबर झोळीसारखी रात्रभर उलटी वाकलेली राहते. तुम्हाला कडकच पाहिजे. काथ्याची पाच इंची घ्या, किंवा कडक फोमवर एक इंचाचा थर. उशी अगदी पातळ, नसली तरी चालेल, कारण मान आधीच एका बाजूला वळलेली असते. ओटीपोटाखाली एक पातळ उशी घालून बघा. आणि छातीशी लोड धरून कुशीवर झोपायची सवय लावता आली तर लावा, मानेसाठी सांगतो. सासऱ्यांची गादी पाहुण्यांना ठेवा, मोडीत देऊ नका.

शिलाई_बावडा

काका, दोन्ही परीक्षा केल्या.

वाकळ चार नाही, सहा रात्री घातली. पहिल्या दोन रात्री सवयीने जाग आली पण खांदा दुखत नव्हता. तिसऱ्या रात्रीपासून साडेपाचपर्यंत झोप. मिस्टरांच्या कमरेखाली हात घासत गेला.

मुलगी नववीत आहे, तिने तुमचं वाचून आणखी एक केलं. माझ्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि पाठीच्या मणक्यावर, मानेपासून माकडहाडापर्यंत, अंतरा-अंतराने नऊ टिकल्या गाऊनवरून चिकटवल्या. मग मी कुशीवर झोपले आणि तिने मागून फोटो काढला. एकदा नुसत्या गादीवर, एकदा वाकळेवर. नुसत्या गादीवर खालचा खांदा वर ढकललेला आणि टिकल्यांची ओळ मानेपाशी वळून वर गेलेली, कमरेपाशी खाली लोंबलेली. वाकळेवर जवळजवळ सरळ रेष. ब्लाउजच्या पाठीचा मध्य काढताना आपण खडूने रेघ ओढतो तशी. दोन फोटो शेजारी ठेवून बघितले आणि डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं मी माझ्या बसण्याला दोष देत होते.

दुसऱ्या फोटोत मान मात्र अजून थोडी खाली आहे. उशी जुनी, चपटी झालेली आहे.

फिजिओ ताई, हात डोक्यावर जातो, बधिरपणा नाही. तरी दाखवून आले. हाडाचं काही नाही म्हणाले, व्यायाम दिलेत.

फिजिओ_करवीर

टिकल्यांची युक्ती मी उद्यापासून पेशंटना सांगणार आहे. मुलीला शाबासकी द्या. उशीचं माप सोपं आहे, कुशीवर असताना कान आणि खांद्याचं टोक यांमधली जागा भरली पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. वरची गादी मऊ झाली की खांदा आत जातो आणि ही जागा कमी होते, म्हणून उशी गादीनंतर ठरवा.

पिंजारी_लक्ष्मीपुरी

ताई, मग आता ऐका. जुनी गादी फेकायची नाही. सहा बाय पाच म्हणजे ६० इंच रुंदी. ती उभी मधोमध कापायची, ३० आणि ३०. मिस्टरांची बाजू जशी आहे तशी राहील, त्यांचा हात घासत गेलाय, त्यांना कशाला हलवायचं. तुमच्या बाजूला नवी, खाली ४० चा मध्यम फोम चार इंच, वर दोन इंच मऊ लेटेक्स. उंची दोन्हीकडे सहाच. दोन्हींना आतल्या खोळी वेगळ्या आणि बाहेरून एकच मोठी खोळ, बाजूला चेन. वरून बघणाऱ्याला एकच गादी. मिस्टर हलले तरी तुमची बाजू हलणार नाही. इचलकरंजीचं जाड सुती कापड वापरा खोळीला, सॅटिनसारखं चकचकीत नको, त्यावर चादर घसरते आणि घाम मुरत नाही. खोळ तुम्हीच शिवा, माझ्याकडच्या कारागिरापेक्षा तुमचा हात बरा असेल. तेवढे पैसे वाचतील. बजेटच्या आत होईल.

उरलेला जुना अर्धा भाग आईंना द्या. खाली घालून वर वाकळ टाकली की त्यांची कापसाची गादी पिंजायला सोडता येईल.

बॉक्सच्या प्लायला अर्ध्या इंचाची भोकं पाडून घ्या, हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर. खालून वारा लागला नाही तर पावसाळ्यात गादीच्या तळाला बुरशी धरते. पंधरा दिवसांतून एकदा गादी उभी करून पंखा लावायचा. लेटेक्स मात्र उन्हात घालू नका, उन्हाने रबर कडक होऊन तुकडे पडतात. २०१९ च्या पुरानंतर लोक भिजलेल्या गाद्या घेऊन दुकानात यायचे, वाळवून देता का म्हणून. पुराचं पाणी आतपर्यंत गेलेली गादी वाळत नाही आणि तिच्यावर झोपूही नये, हे हात जोडून सांगावं लागलं. तुमच्या बावड्यातल्याही होत्या त्यात. म्हणून ओलीचं जरा जास्त बोलतो.

ऑर्डर द्यायच्या आधी दुकानात येऊन पंधरा मिनिटं पडून बघा. बसून नाही, तुमच्या उजव्या कुशीवर, घरच्या उशीसकट. आमच्याच दुकानात असं नाही, कुठेही घ्या, पण पडून बघा.

राजारामपुरी_गल्ली११

काका, माझ्या मेमरी फोमवर काही उपाय?

पिंजारी_लक्ष्मीपुरी

वर एक पातळ सुती गादी घाला, अर्धा-पाऊण इंचाची, टाके घालून. किंवा एक जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, टाका. धनगरी लोकरीची जेन घाम ओढून घेते. अंगाची ऊब फोमपर्यंत थोडी कमी पोचेल, म्हणजे तो थोडा कडक लागेल, पण एप्रिलमध्ये झोपता येईल.

शिलाई_बावडा

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते.

काकांच्या दुकानात गेले होते. आधी चार इंचावर नुसता मऊ फोम घालून दाखवला, मग लेटेक्स. मऊ फोमवर पहिली पाच मिनिटं जास्त छान वाटलं, नंतर खुबा खालच्या थराला टेकला. पंधरा मिनिटं पडून बघा का म्हणतात ते तेव्हा कळलं. लेटेक्सवर खुबा टेकला नाही.

जुनी गादी त्यांनी माझ्यासमोर कापली. लांब पात्याने, दोन माणसांनी धरून. कापल्यावर आतली रंगीबेरंगी तुकड्यांची लादी दिसली, निळे, गुलाबी, पिवळे, दगडी फरशीसारखे. ज्याच्यावर दोन वर्षं झोपले ते पहिल्यांदा बघितलं.

खोळ मीच शिवली. पाच मीटर कापड, तिन्ही बाजूंना चेन. सगळं धरून साडेबारा हजार झाले. पहाटे जाग येत नाही. सकाळी सरळ कटिंगला बसते. उशी अजून ठरायची आहे, सध्या जुनीवर टॉवेलची घडी ठेवते.

मिस्टरांना विचारलं, काही फरक वाटतो का. म्हणाले, तू रात्री हलत नाहीस आता. मला वाटत होतं त्यांना कधी कळलंच नाही.

आखाडा_१०५

वैनी, मधला सांधा टोचतो का? आमच्यात पण असंच करायचं म्हणतोय, बायको कुशीवर झोपते.

शिलाई_बावडा

नाही टोचत. वरची खोळ ताणून बसवली पाहिजे, सैल राहिली तर फट पडते. माप घेताना दोन्ही गाद्या पलंगावर ठेवून वरून टेप लावा, एकेकीचं घेऊन बेरीज करू नका. मी आधी तसं केलं होतं, पाऊण इंच जास्त आलं, उसवून परत शिवावी लागली.